मुंग्या पाळायच्यात? आधी परतीचं तिकीट काढा!

रील्स बघून मुंग्यांची अख्खी वसाहत खोलीवर आणावीशी वाटतेय? आणा की! पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. आम्हाला तो प्रश्न एक वसाहत मारून झाल्यावर कळला.

गेल्या वर्षी डिसेंबरात, एसवायला असताना, मी आणि माझ्या दोन रूममेट्सनी मिळून मुंग्यांची एक वसाहत मारली. मुद्दाम नाही. पाळायला म्हणून आणली आणि बारा दिवसांत संपवली.

झालं असं, की तेव्हा आमच्या फीडवर मुंग्याच मुंग्या होत्या. काचेच्या सुबक घरात राहणाऱ्या, मधाचा थेंब चाटणाऱ्या, अंडी उचलून पळणाऱ्या. आमच्या कॉलेजच्या कंपाउंड वॉलशी मोठ्या काळ्या मुंग्यांचं एक बीळ होतं. भोकाभोवती मातीचा छोटासा कट्टा, त्यावर दोन-तीन पिसं आणि मेलेल्या मुंग्यांचे तुकडे. आम्ही तो ‘कचरा’ झाडून टाकला, खुरप्यानं खणलं आणि सापडतील तेवढ्या मुंग्या बरणीत भरल्या. तीसेक मिळाल्या. त्या झटापटीत एक माझ्या अंगठ्याला डसली. साखरेच्या डब्यातली मुंगी चावते तसा तो चिमटा नव्हता. तापलेली सुई आत गेल्यासारखी कळ आली. अर्धा तास अंगठा धरून बसले, तरी मनात फुशारकीच, की आपण काहीतरी डेंजर पकडलंय!

बरणीत माती घातली, साखर घातली, बरणी खिडकीत ठेवली. रोज रात्री टॉर्च मारून व्हिडिओ काढले. साखरेला कुणी फारसं तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी आली. बाराव्या दिवशी मी बरणी बेसिनमध्ये रिकामी केली. व्हिडिओला मात्र भरपूर लाइक्स होते.

या वर्षी टीवायच्या प्रोजेक्टसाठी मी पुन्हा मुंग्याच घ्यायच्या म्हणून आमच्या मॅडमकडे गेले. मागच्या वर्षीचा पराक्रमही सांगून टाकला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘आण. पण परत कुठं सोडणार ते आधी लिहून दे.’’

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

आपण कुणाला उचललंय, हे तरी माहीत हवं

आमची मुंगी होती डायाकामा. साधारण सेंटिमीटरभर लांब, काळी, अंगावर बारीक रेघा कोरल्यासारखी नक्षी. रांग करून न जाता एकटी-दुकटी शिकारीला फिरते. भारतात ती बऱ्याच ठिकाणी दिसते. तुमच्या कॅम्पसवरही असेल. कुणी तिला डोंगळा म्हणतं, कुणी मुंगळा, आणि पुढं जातं.

आम्ही जो कचरा झाडला, तो कचरा नव्हताच. मार्क मॉफेट या अभ्यासकानं १९८५ मध्ये भारतातल्या याच गटातल्या मुंग्यांबद्दल लिहून ठेवलंय. कोरड्या दिवसांत त्या बिळाच्या तोंडाशी पिसं आणि मेलेल्या मुंग्या रचतात. पहाटे त्यांवर दव जमतं आणि वसाहत ते पाणी पिते. म्हणजे आम्ही आधी त्यांचा पाणवठा मोडला आणि मग घर.

दुसरी चूक त्याहून मोठी. आम्ही खणताना ‘राणी’ शोधत होतो. सगळ्यांत मोठी, फुगीर पोटाची. ती सापडली नाही, कारण डायाकामामध्ये राणी नसतेच! सगळ्या माद्या दिसायला एकसारख्या कामकरी. त्यांतली एकच नराशी मीलन करून अंडी घालते. तिला म्हणतात गेमरगेट. ग्रीक शब्दांवरून बनवलेलं नाव, अर्थ ‘लग्न झालेली कामकरी’.

ती एक कोण, हे कसं ठरतं? इथं गोष्ट अंगावर येते. डायाकामाची प्रत्येक मादी कोषातून बाहेर येते तेव्हा तिच्या छातीवर, पुढचे पंख असायला हवेत त्या जागी, दोन इवल्याशा गाठी असतात. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. संशोधक त्यांना पंखांचेच अवशेष मानतात. ज्या मादीच्या गाठी शाबूत राहतात, तीच पुढं मीलन करून आई होऊ शकते. आणि बहुतेक जातींत, नवी मुंगी कोषातून बाहेर आली की थोड्याच वेळात तिच्या या गाठी कुरतडून टाकल्या जातात. त्यानंतर ती जन्मभर कामकरी. ‘पंख छाटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. मी तो भिंगाखाली घडताना पाहिलाय.

आता आमच्या बरणीचा हिशोब मांडा. तीस मुंग्या वर आल्या. त्यांत ती एक होती का? आजही मला माहीत नाही. असेल, तर बिळात राहिलेल्या सगळ्या एका रात्रीत पोरक्या झाल्या. नसेल, तर आमच्या बरणीतल्या तीस जणींना पुढं काही भविष्यच नव्हतं.

सगळ्या मुंग्या सारख्या नसतात

मुंग्या पाळण्याचा छंद जगभर आहे आणि त्यात एक रूढ सल्ला दिला जातो. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या राण्या उडतात, मीलन होतं, त्या जमिनीवर उतरून पंख गाळतात. अशी एक राणी उचला, पाणी आणि कापसाचा बोळा घातलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये अंधारात ठेवा. कित्येक जातींत ती एकटी वसाहत सुरू करते. हा सल्ला चुकीचा नाही. अशा जातींत ढिगानं राण्या उडतात आणि त्यांतल्या बहुतेक पक्ष्यांच्या, पालींच्या पोटात जातात. त्यांतली एक आपण घेतली तर बिळाचं फारसं बिघडत नाही.

डायाकामाचं तसं नाही. तिथं उडतात फक्त नर. नवी वसाहत होते ती जुनीची वाटणी होऊन, चालत जाऊन. एका वसाहतीत काही डझनांपासून दोनशे-अडीचशेपर्यंत मुंग्या, आणि आई एक. ती वसाहत तुम्ही उचललीत, तर तिची जागा भरायला आकाशातून कुणी येणार नाही. शेजारची वसाहत फुटेल, पायी पायी तिथवर पोचेल, तेव्हा कुठं.

म्हणून ‘मुंग्या काय, कोट्यवधी आहेत!’ हे आपलं लाडकं वाक्य मला आता पटत नाही. कोट्यवधी असतील. पण त्या कंपाउंड वॉलशी एकच वसाहत होती.

जे विकलं जातं, ते आधी कुणीतरी खणलेलं असतं

हे फक्त तीन पोरींच्या बरणीपुरतं राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केनियातल्या नैवाशा इथं बेल्जियमची दोन मुलं पकडली गेली. वय १८-१९. म्हणजे आपल्याच वयाची. त्यांच्याकडं सुमारे ५,००० मुंग्या होत्या, कापसाचे बोळे लावलेल्या २,२४४ नळ्यांमध्ये. आफ्रिकेतल्या मोठ्या, धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या. परदेशातले छंदी लोक अशा राण्यांना चांगली किंमत मोजतात. मे महिन्यात कोर्टानं दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने तुरुंगवास अशी शिक्षा सुनावली. हत्तीच्या दातांसाठी, गेंड्याच्या शिंगांसाठी ओळखला जाणारा गुन्हा आता टेस्ट ट्यूबमध्ये मावायला लागलाय.

त्यामुळं माझं पहिलं म्हणणं असं, की मुंग्या विकत घेऊ नका. दूरच्या जिल्ह्यातली, दुसऱ्या राज्यातली वसाहत कुरिअरनं मागवू नका. ती निसटली तर तिथली उपरी, मेली तर तुमच्या पैशानं मेलेली. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नसतं. मुंगीही नाही.

मग पाळायच्याच नाहीत का?

माझा एक मित्र म्हणतो, ‘‘हे सगळं कशाला? बिळाशी बसून बघ ना.’’ त्याचं अर्धं मला मान्य आहे. बसलेच मी. ऑगस्टमध्ये तीन आठवडे, सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली, लेक्चरच्या आधी अर्धा तास. किती बाहेर पडतात, काय घेऊन येतात, पावसाची सर आली की काय करतात. लॅबमधले मामा रोज विचारायचे, ‘‘काय गं, हरवलंय काय?’’ प्रोजेक्टचे निम्मे प्रश्न तिथंच सुटले.

पण बिळाच्या आत अंधार असतो. गाठी कुरतडल्या जातात ते आत. अंडी कोण घालतं, आजारी मुंगीशी इतर कशा वागतात, हे सगळं आत. ते बघायचं असेल तर काही दिवस वसाहत भिंतीआडून काचेआड आणावी लागते.

आणि ते बघायला हवं, असं मला ठाम वाटतं. यूजीसीनं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. चांगलंच झालं. बेडूक कापून कुणी प्राणिशास्त्रज्ञ होत नाही. पण ट्रेमधला मेलेला प्राणी गेला, त्या जागी जिवंत प्राणी आला का? आमच्याकडं तरी चार्ट आला, सॉफ्टवेअर आलं. तीन वर्षं झूलॉजी शिकून एकही प्राणी आठवडाभर सलग न बघता डिग्री मिळते. बंगळुरूचे राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यभर गांधीलमाश्यांचा अभ्यास केला. २०२१ मध्ये आलेलं त्यांचं एक पुस्तकच आहे, क्षुल्लक खर्चात प्राण्यांच्या वर्तनावर उत्तम संशोधन कसं करता येतं यावर. कोलकात्याच्या आयसरमध्ये सुमना अन्नागिरी यांची लॅब डायाकामावरच काम करते. तिथं या मुंग्यांची घरं प्लास्टर ऑफ पॅरिसची असतात! म्हणजे एखाद्या छोट्या गावच्या कॉलेजला परवडणार नाही असं त्यात काहीही नाही.

तेव्हा वसाहत आणा. पण उसनी आणा. शेजारणीकडून पातेलं आणावं तशी. घासून-पुसून परत देण्याच्या बोलीवर.

उसनवारीचे नियम

आमचे नियम सांगते. तुमच्या मुंगीप्रमाणे बदला.

आधी प्रश्न लिहा. ‘मुंग्या बघायच्यात’ हा प्रश्न झाला नाही. बिळाशी बसून उत्तर मिळत असेल तर खणूच नका.

जागेच्या मालकाला विचारा. आमच्या बाबतीत ते कॉलेज. एक अर्ज, एक सही.

खणू नका, पाणी घाला. संशोधक डायाकामा गोळा करायला बिळात हळूहळू पाणी ओततात. घर बुडतंय असं वाटलं की मुंग्या अंडी, अळ्या, कोष तोंडात धरून बाहेर येतात. खुरप्यानं निम्म्या चिरडल्या जातात. पाण्यानं सगळ्या बाहेर येण्याची शक्यता जास्त. भिंगातून गाठीवाली मुंगी दिसेपर्यंत थांबा. ती आली नाही, तर आलेल्या सगळ्यांना तिथंच सोडा. दुपारी उशिरा ती दिसली, तेव्हा आम्ही तिघी अक्षरशः ओरडलो.

घर अर्धं ओलं, अर्धं कोरडं हवं. प्लास्टरमध्ये खोबण, वर काच, काचेवर लाल कागद. मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळं त्यांना अंधार आणि आपल्याला उजेड. थोडी बारीक वाळूही द्या. या अळ्यांना कोष विणताना आधाराला मातीचे कण लागतात. आमच्या बरणीत माती होती, पण तिचा आम्ही चिखल केला होता.

या शिकारी आहेत. साखर हे त्यांचं जेवण नाही. आमच्याकडच्यांना वाळवी सर्वांत आवडायची. लहान नाकतोडे, मेलेल्या झुरळाचे तुकडेही चालायचे. मात्र स्प्रे मारलेलं झुरळ अजिबात नको. मधाचं पाणी थेंबभर. पिण्याचं पाणी कायम. उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी ठरलेली.

पेटी पाण्याच्या परातीत ठेवा. आजी दुधाचं पातेलं मुंग्या लागू नयेत म्हणून असंच ठेवायची. आम्ही मुंग्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवली! लहान लाल मुंग्यांची धाड आली तर एका रात्रीत सगळं साफ होतं.

आणि डंखाची चेष्टा करू नका. मुंगी चावली म्हणजे फॉर्मिक ॲसिड, असं आपण शाळेपासून पाठ केलंय. ते खरं आहे ओंबील किंवा मुंगळ्यासारख्यांच्या बाबतीत, ज्या चावतात आणि ॲसिड सोडतात. डायाकामाला नांगी आहे. अंडी घालण्याच्या अवयवापासून बनलेली, म्हणून ती फक्त माद्यांना. तिच्यातलं विष वेगळं, मुख्यतः प्रथिनं आणि त्यांचे तुकडे. बहुतेकांना कळ येऊन थांबते. साबणानं धुवा, बर्फ लावा, चुना-लोखंड घासत बसू नका. पण एखाद्याला अशा विषाची जबर ॲलर्जी असू शकते. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, गरगरलं, तर व्हिडिओ बंद करून थेट हॉस्पिटल. ज्यांना मधमाशी-गांधीलमाशी चावून असा त्रास झालाय, त्यांनी या मुंग्यांना हातच लावू नये. आणि एकट्यानं कुणीच नाही.

परतीचा दिवस

आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला ८७ मुंग्या आणल्या. परत द्यायची तारीख ठरली दिवाळीच्या सुट्टीआधी, कारण सुट्टीत हॉस्टेल रिकामं, खायला कोण घालणार? त्या सहा आठवड्यांत नऊ मेल्या, चौदा नव्या आल्या. सगळं वहीत आहे.

सोडायच्या आदल्या दिवशी पेटी घेऊन जागा बघायला गेलो, तर कडुनिंबाखाली पेव्हर ब्लॉक बसत होते. तपासणी समिती येणार, म्हणून कॅम्पस ‘नीटनेटका’ होत होता. झाडाच्या बुंध्याशी हातभर माती उरली होती, बाकी सगळं सिमेंट. मॅडमला जे लिहून दिलं होतं, ती जागाच नव्हती.

खरं सांगते, एक क्षण वाटलं, ठेवूनच घ्याव्यात. आपल्याकडं सुरक्षित तरी आहेत. मग लक्षात आलं, की मागच्या वर्षी खुरपं उचलतानाही मी असंच काहीतरी म्हणाले होते. आपल्याकडं त्या जास्त चांगल्या राहतील!

मामांनी मार्ग काढला. सायकल स्टँडच्या मागं जांभळाखाली, वीसेक पावलांवर, मोकळी जमीन आहे. तिथं आधीचं डायाकामाचं बीळ नाही हे आम्ही दोन सकाळी बसून तपासलं. मग पेटी सावलीत ठेवली, झाकण काढलं, आणि बसून राहिलो.

पाऊणएक तास काहीच नाही. मग एक मुंगी मुळाशी असलेल्या एका फटीत जाऊन आली. पुन्हा गेली. परत आल्यावर तिनं दुसरीला स्पृशांनी ढोसलं आणि निघाली. दुसरी तिच्या मागोमाग, स्पृशांनी पुढचीच्या अंगाला शिवत शिवत. मागची चुकली की पुढची थांबायची. या मुंग्या घर बदलतात ते असंच. एक वाटाडी एकीलाच नेते, रस्ता दाखवते, परत येते, दुसरीला नेते. थोड्या जणीच वाटाड्या होतात आणि अख्खं गाव हलवतात. काही जणी कोष तोंडात धरून निघाल्या. गाठीवाली, पाठीवर आम्ही पिवळा ठिपका दिलेली, कुणाच्या तरी मागून नेहमीच्या मुंगीसारखी चालत गेली. संध्याकाळी पेटी रिकामी होती.

आम्ही त्याचा व्हिडिओ काढला नाही. विसरलोच.

आता मी प्राचार्यांना एक अर्ज दिलाय. जांभळाखालची ती जमीन तशीच राहू द्या, ब्लॉक नकोत. झूलॉजीच्या पोरांना ती प्रॅक्टिकलची जागा म्हणून द्या. खर्च शून्य. खाली सत्तावीस सह्या आहेत, पहिली मामांची. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही पुढची रील बघाल, हात शिवशिवतील. हरकत नाही. भिंग घ्या, वही घ्या, बिळाशी बसा. आणायचीच असेल वसाहत तर आणा. पण आणण्याआधी आपल्या कॅम्पसवर एक चक्कर मारा आणि बघा, तिला परत सोडायला माती उरलीय का. नसेल, तर तुमचा पहिला प्रोजेक्ट तोच.